जुना संगणक उशिरा का जागा होतो?

संगणकाचं बटण दाबायचं आणि तो सुरू होईपर्यंत चहा टाकून यायचा, ही सवय आता कितीतरी घरांना लागली आहे. दिवा लागतो, आत पंखा घरघरतो, पडद्यावर खिडकीचं चिन्ह येतं आणि बारीक ठिपके गोल गोल फिरत राहतात. चार मिनिटं जातात, सात मिनिटं जातात. आमच्या गल्लीतल्या एक आजी नातवाला दारातूनच विचारतात, "जागं जयं का तुन्हं डबडं?" नातू अर्ज भरायला बसलेला असतो, अर्जाची मुदत संध्याकाळपर्यंत असते आणि ठिपके काही थांबत नाहीत. दुकानात नेलं तर उत्तर ठरलेलं असतं: "जुना झाला, आता नवाच घ्या."

हे उत्तर काही वेळा खरं असतं, पण बहुतेक वेळा ते अपुरं असतं. बैल म्हातारा होतो तसा संगणकाचा मेंदू म्हातारा होत नाही. त्यातला प्रोसेसर पहिल्या दिवशी ज्या गतीनं चालण्यासाठी बनवलेला असतो, त्याच गतीनं दहाव्या वर्षीही चालू शकतो. बदलतं ते त्याच्या अंगावरचं ओझं. ते ओझं एका दिवसात चढत नाही. थरावर थर साचत जातात आणि प्रत्येक थर कुणीतरी, कधीतरी, काही कारणानं ठेवलेला असतो. म्हणजे या उशिराला इतिहास आहे. तो समजून घेतला तर कोणता थर काढायचा आणि कोणता ठेवायचा हे घरच्या घरी ठरवता येतं. आज तोच इतिहास थोडक्यात पाहू.

तापणाऱ्या तारेपासून

ज्यांनी व्हॉल्व्हचा रेडिओ ऐकला आहे, त्यांना सुरू होण्याची वाट पाहणं नवीन नाही. बटण फिरवलं की आधी आतली तार तापायची, काचेच्या नळ्यांत तांबूस उजेड दिसायचा आणि मग कुठे आवाज यायचा. आपल्या महाराष्ट्रात बनलेला पहिला मोठा संगणकही अशाच नळ्यांचा होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तो उभा राहिला आणि १९६० साली कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिलं. त्यात सुमारे २,७०० नळ्या होत्या आणि स्मरणशक्ती होती अवघ्या २,०४८ शब्दांची. आज मोबाईलवर येणारा एखादा फोटोसुद्धा त्यात मावला नसता.

संगणकाच्या बाबतीत तार तापण्यापेक्षा एक मोठा पेच आहे. संगणक स्वतःहून काहीच करत नाही. सूचना मिळाली तरच करतो. सूचना डिस्कवर ठेवलेल्या असतात. पण डिस्क वाचायची कशी, हीसुद्धा एक सूचनाच. पेटीची किल्ली पेटीतच राहिल्यासारखा हा प्रकार. आपल्याच बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःला वर उचलणं, अशी एक अशक्य गोष्टीची म्हण इंग्रजीत आहे. त्यावरून संगणक सुरू होण्याला 'बूट होणं' म्हणू लागले.

या पेचातून सुटण्याचे मार्ग काळानुसार बदलत गेले. १९७५ साली अमेरिकेत 'अल्टेअर ८८००' नावाचा छोटा संगणक बाजारात आला. त्याच्या दर्शनी भागावर बटणांची रांग होती आणि पहिल्या सूचना वापरणाऱ्यानं ती बटणं वर-खाली करून एकेक भरायच्या असत. पुढे या पहिल्या सूचना एका न पुसल्या जाणाऱ्या चिपमध्ये कायमच्या कोरून ठेवायची पद्धत आली. ब्रिटनचा 'बीबीसी मायक्रो' या पद्धतीचा. आपल्या केंद्र सरकारनं १९८४ मध्ये शाळांसाठी 'क्लास' ही योजना सुरू केली, तेव्हा सुरुवातीला सुमारे अडीचशे शाळांत हेच यंत्र गेलं. बटण दाबताच टुकदिशी आवाज व्हायचा आणि यंत्र तयार. चिन्ह नाही, ठिपके नाहीत. सगळं चिपमध्येच असल्यामुळे कुठून काही आणायचं नसायचं.

म्हणजे घरातले आणि शाळेतले सुरुवातीचे संगणक क्षणात सुरू होत असत. उशीर आला तो नंतर, यंत्राकडून आपण जास्त कामं मागू लागल्यावर.

रुमालांचं कपाट

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएम कंपनीनं 'पर्सनल कॉम्प्युटर' आणला आणि १९८३ मध्ये त्याच्या पुढच्या आवृत्तीत १० मेगाबाइटची हार्ड डिस्क बसवली. आता चिपमध्ये फक्त पहिली किल्ली राहिली. बाकी सगळं सामान डिस्कवर गेलं. सोय फार झाली. नवी आवृत्ती आली की डिस्कवर भरायची, चिप बदलायला नको. पण त्याबरोबर प्रत्येक सकाळी सगळं सामान डिस्कवरून उचलून आणण्याचं काम मागे लागलं.

हे काम कसं चालतं ते समजायला धुळ्याला जाऊ. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं १९२६ च्या अखेरीस धुळ्यात निधन झालं आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं तिथे संशोधन मंडळ उभं राहिलं. जुनी कागदपत्रं कापडात बांधून ठेवण्याची आपली रीत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. आता कल्पना करा की तुम्हाला सहा हजार कागद हवे आहेत आणि ते वेगवेगळ्या रुमालांत विखुरलेले आहेत. कागद वाचायला क्षण पुरतो, पण प्रत्येक वेळी उठायचं, कपाटाशी जायचं, रुमाल सोडायचा, कागद शोधायचा. वेळ जातो तो या येरझारांत.

हार्ड डिस्कचं नेमकं हेच आहे. घरगुती संगणकातली डिस्क साधारणपणे मिनिटाला ७,२०० फेरे घेते. वाचणारी सुई योग्य वर्तुळावर जायला आणि हवा तो भाग फिरत खाली यायला मिळून हजारातले बारा-तेरा भाग सेकंद लागतात. ऐकायला हे काहीच नाही. पण सुरू होताना सहा हजार तुकडे इकडून तिकडून गोळा करायचे असतील, तर नुसत्या येरझारांचीच बेरीज सव्वा मिनिटावर जाते. बारा हजार तुकडे असतील तर अडीच मिनिटं. प्रोसेसर कितीही वेगवान असला, तरी तो या काळात हात बांधून बसलेला असतो.

या मिनिटांची किंमत ओळखणारा एक किस्सा संगणकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १९८३ मध्ये ॲपल कंपनीत मॅकिंटॉशची तयारी चालू होती. तो सुरू व्हायला फार वेळ घेतो, म्हणून स्टीव्ह जॉब्स यांनी लॅरी केन्यन या अभियंत्यापुढे हिशेब मांडला: पन्नास लाख लोक हे यंत्र वापरतील, रोज प्रत्येकाचे दहा सेकंद वाचले तर कितीतरी माणसांची आख्खी आयुष्यं वाचतील. हिशेब करून पाहिला तर रोजचे पाच कोटी सेकंद होतात, म्हणजे सुमारे ५७९ दिवस. एका दिवसात दीड वर्षाहून अधिक! ही हकीकत त्यांचेच सहकारी अँडी हर्ट्झफेल्ड यांनी लिहून ठेवली आहे. दहा सेकंद खरोखर वाचलेही.

पण एकूण प्रवाह उलट्या दिशेनं वाहत होता. १९९५ च्या विंडोज ९५ ला कमीत कमी ४ मेगाबाइट रॅम लागत असे. विंडोज ९८ ला १६, २००१ च्या एक्सपीला ६४ आणि २००७ च्या व्हिस्टाला ५१२. २०२१ च्या विंडोज ११ ला कमीत कमी ४ गिगाबाइट लागते. सव्वीस वर्षांत भूक हजारपट वाढली. निकलाउस विर्थ या स्विस संगणकशास्त्रज्ञांनी १९९५ मध्येच बजावलं होतं की यंत्रं जेवढ्या झपाट्यानं वेगवान होतात, त्याहून झपाट्यानं प्रणाली जड होत जातात. त्यात आपल्याकडे रीत अशी की यंत्र विंडोज ९८ च्या काळातलं, रॅमही तेव्हाचीच, आणि शेजाऱ्याकडे आहे म्हणून त्यावर एक्सपी चढवायची. रॅम पुरली नाही की संगणक डिस्कचाच कोपरा रॅम म्हणून वापरतो आणि येरझारा दुप्पट होतात.

खान्देशचे तीन थर

आतापर्यंतचं कारण साऱ्या जगाला लागू आहे. पण जळगाव-धुळ्याच्या संगणकावर आणखी काही थर चढले, ते इथल्या हवेचे आणि इथल्या दिवसांचे.

पहिला थर भारनियमनाचा. साधारण २००५ पासूनची काही वर्षं आठवा. भुसावळजवळ दीपनगरला वीज तयार होत होती आणि आजूबाजूच्या तालुक्यांतली गावं कित्येक तास अंधारात होती. त्याच सुमारास घराघरांत संगणक शिरत होता. २००१ मध्ये एमकेसीएलनं एमएस-सीआयटी सुरू केली आणि तालुक्याच्या गावीसुद्धा वर्ग भरू लागले. लाखो लोक त्या निमित्तानं पहिल्यांदा माऊस धरायला शिकले. पण वीज न सांगता जायची आणि संगणक चालता चालता बंद पडायचा. विंडोज ९८ पुन्हा सुरू करताना निळा पडदा यायचा: मला मागच्या वेळी नीट बंद केलं नव्हतं, आधी डिस्क तपासतो. ही तपासणी दहा-पंधरा मिनिटं चाले आणि कधी कधी ती संपायच्या आत वीज पुन्हा जाई.

नंतरच्या विंडोजमध्ये यावर चांगला तोडगा निघाला. व्यापारी जसा पक्क्या खातेवहीत उतरवण्याआधी कच्च्या वहीत नोंद करतो, तशी डिस्कवरच्या बदलाची नोंद आधी लिहायची पद्धत आली. मध्येच वीज गेली तरी कच्ची वही पाहून हिशेब जुळवता येतो. पण डिस्कची मांडणी जुन्याच पद्धतीची राहिलेल्या यंत्रांना ही सोय मिळाली नाही. आणि अचानक बंद पडण्यानं डिस्कला पोहोचलेली इजा तर कुठल्याच वहीनं भरून येत नाही.

दुसरा थर उन्हाचा आणि धुळीचा. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्यात जिनिंगच्या गावांत कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात. हे तंतू पंख्यानं आत ओढले जातात आणि प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत गादीसारखे बसतात. वारा अडतो, प्रोसेसर तापतो. २००० साली आलेल्या पेंटियम ४ पासून इंटेलच्या प्रोसेसरमध्ये अशी योजना आहे की फार तापलं तर त्यानं आपणहून गती कमी करायची, म्हणजे जळायला नको. उन्हात शेतकरी झाडाखाली बसतो तसं ते बसणं आहे. आपल्याला वाटतं संगणक बिघडला. तो बिचारा जीव वाचवत असतो. खोका उघडून, वीजतार काढून, मऊ ब्रशनं ही गादी काढली तर काही यंत्रं त्याच दिवशी हुशार होतात.

तिसरा थर अक्षरांचा, आणि तो माझ्यासारख्या लिहिणाऱ्याच्या जवळचा. आमच्या पिढीतल्या अनेक कवींनी संगणक प्रथम पाहिला तो छपाईच्या दुकानात. जळगाव, धुळे, मालेगाव इथल्या डीटीपीच्या दुकानांत एकाच यंत्रावर मराठी कवितासंग्रह, अहिराणी गाण्यांच्या कॅसेटचं वेष्टन आणि उर्दू लग्नपत्रिका जुळत असत. मराठीसाठी श्री-लिपी, आकृती आणि सी-डॅकची अक्षरं. उर्दूसाठी १९९४ च्या सुमारास आलेलं इनपेज. प्रत्येक गिऱ्हाईक नवं वळण मागायचं, म्हणून शेकड्यांनी फॉन्ट भरले जायचे. घरच्या संगणकातही मित्राच्या सीडीवरून ते यायचे. विंडोज ९५ आणि ९८ सुरू होताना बसवलेल्या प्रत्येक फॉन्टची दखल घेत असे आणि हजाराच्या आसपास गेलं की त्याला ते झेपत नसे. कवितेला सुंदर अक्षर मिळालं, पण रोज सकाळी संगणकाला त्या साऱ्या अक्षरांची हजेरी घ्यावी लागली.

हे फॉन्ट बसवावे लागले याला कारण होतं. युनिकोड या जागतिक लिपिव्यवस्थेत देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून होती, पण विंडोजमध्ये ती नीट चालू लागली ती २००० नंतर, आणि छपाईच्या दुकानात पोहोचायला आणखी वर्षं गेली. तोवर प्रत्येक कंपनीची अक्षरं वेगळ्या सांकेतिक क्रमानं ठेवलेली होती. एका दुकानातला मजकूर दुसऱ्या दुकानात उघडला की मराठीच्या जागी निरर्थक चिन्हं दिसायची. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

दारातून शिरलेले चोर आणि दारावरचे पहारेकरी

संगणक सुरू होण्याची वेळ ही चोरांचीही आवडती वेळ. जानेवारी १९८६ मध्ये लाहोरच्या अल्वी बंधूंनी बनवलेला 'ब्रेन' हा विषाणू फ्लॉपीच्या अगदी पहिल्या भागात, जिथून संगणक सुरू होतो तिथेच, जाऊन बसत असे. पहारेकरी जागा होण्याआधीच घरात शिरायचं, ही ती युक्ती. १९९२ च्या ६ मार्चला 'मायकलँजेलो' विषाणू डिस्क पुसणार म्हणून जगभर घबराट झाली होती.

त्यावरचा एक मोठा मराठी इलाज दुरुस्तीच्या टेबलावरच जन्मला. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करू लागले. मग संगणक दुरुस्तीकडे वळले. दुकानात येणाऱ्या यंत्रांपैकी पुष्कळशी विषाणूंनीच बिघडलेली असत. संगणक शिकणारे धाकटे भाऊ संजय यांनी त्यांच्यासाठी विषाणू काढणारे छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिले. त्यातूनच नव्वदच्या दशकाच्या मध्यावर 'क्विक हील' बाजारात आलं आणि २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. 'जुना झाला, नवा घ्या' असं न म्हणता यंत्र का बिघडलं हे शोधल्यानं काय उभं राहू शकतं, याचं हे उदाहरण.

आता पहारेकरी म्हटला की तो सगळ्यांच्या आधी उठणार आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती घेणार. अँटिव्हायरस कुठल्याही कंपनीचा असो, सुरू होताना तो थोडा वेळ घेणारच. तो काढून टाकणं हा उपाय नव्हे. पण पुष्कळ घरांत दोन-दोन अँटिव्हायरस असतात: एक विकत घेतलेला, एक फुकट आलेला. ते दोघं एकमेकांचीच झडती घेत बसतात. पहारेकरी एकच असावा.

आणि पहारेकऱ्यांच्या मागून आणखी कितीतरी जण दारातून येतात. प्रिंटरबरोबर त्याचा मदतनीस येतो, मोबाईल जोडला की मोबाईलचा, ब्राउझरबरोबर ब्राउझरचा. प्रत्येकाचं म्हणणं एकच की मला संगणकाबरोबरच उठवा. घरधनी एकदा 'हो' म्हणतो आणि विसरतो. दहा वर्षांत अशी वीस-पंचवीस मंडळी ओसरीवर मुक्कामाला असतात.

उशीर वाचायचा कसा

इतका इतिहास कळल्यावर शोध सोपा होतो. घड्याळ हातात घ्या आणि सुरू होण्याचे तीन भाग करा.

पहिला भाग, बटण दाबल्यापासून विंडोजचं चिन्ह येईपर्यंत. इथे अडत असेल तर विंडोजचा दोष नाही. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा सेल असतो. १९८४ च्या आयबीएम एटीपासून संगणकाचं घड्याळ आणि सुरुवातीच्या नोंदी अशा सेलच्या आधारानं टिकतात. तो संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि संगणक रोज 'एफ-१ दाबा' म्हणत थांबतो. चहा-नाश्त्याच्या पैशात नवा सेल येतो. मागे लावून विसरलेला पेन ड्राइव्हही काढून पाहा. काही यंत्रं आधी तिथेच सूचना शोधत बसतात.

दुसरा भाग, चिन्ह आल्यापासून पडद्यावर चित्रं दिसेपर्यंत. इथे डिस्क आणि जोडणीचे दोष उघडे पडतात. एक्सपीमध्ये एक गंमत होती. डिस्क वाचताना सहा वेळा चूक झाली की ती आपणहून वाचण्याचा वेग एकेक पायरी कमी करत जाई आणि शेवटी सर्वांत संथ रीतीवर येई. तार नीट बसवली तरी वेग आपणहून वाढत नसे. डिव्हाइस मॅनेजरमधून ती वाहिनी काढून संगणक पुन्हा सुरू केला की रस्ता मोकळा होई. हे ठाऊक नसल्यानं किती धडधाकट यंत्रं भंगारात गेली असतील, कोण जाणे.

तिसरा भाग, चित्रं दिसली पण काही हलत नाही तो. हे ओसरीवरच्या पाहुण्यांचं काम. विंडोज ९८ पासून 'एमएसकॉन्फिग' नावाची सोय आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' हे पान आहे. तिथे नावं वाचा आणि नको असलेली बंद करा. बंद करणं म्हणजे काढून टाकणं नव्हे. लागलं तर पुन्हा चालू करता येतं. ओळखीचं नाव नसेल तर हात लावू नका. सेफ मोडमध्ये संगणक चटकन सुरू होत असेल, तर दोष नंतर भरलेल्या सामानात आहे असं समजा.

आणि आपल्याला नोंदी हव्याच असतील तर त्याही आहेत. २००७ च्या व्हिस्टापासून विंडोज स्वतःची रोजनिशी ठेवते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स' या भागात १०० क्रमांकाची नोंद पाहिली की कुठल्या दिवशी सुरू व्हायला किती वेळ लागला ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मिळतं. उशीर कोणत्या तारखेपासून वाढला ते कळलं, की त्या दिवशी घरात काय नवं भरलं हे आठवतं. इतिहासात तारखेला महत्त्व असतं ते यासाठीच.

विंडोज ८ पासून एक बदल झाला आहे, तोही ध्यानात ठेवावा. लवकर सुरू व्हावं म्हणून 'शट डाउन' केल्यावर ती पूर्ण बंद होत नाही. आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून झोपी जाते. पूर्ण नव्यानं उठवायचं असेल तर 'रीस्टार्ट' करावं लागतं. महिनोन्‌महिने साचलेली मरगळ कधी कधी तेवढ्यानं जाते.

आधी काय वाचवायचं

या साऱ्याच्या आधी मात्र एक काम. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा उशीर आठवडा-आठवडा वाढतच असेल, तर ती डिस्क मरणपंथाला लागलेली असू शकते. खराब झालेला भाग ती पुन्हा पुन्हा वाचून पाहते आणि वेळ जातो. अशा वेळी साफसफाई, तपासणी काही करू नका. प्रत्येक तपासणीत तिचं उरलेलं आयुष्य खर्च होतं. आधी आतलं लिखाण, फोटो, दाखले दुसरीकडे उतरवून घ्या.

उतरवताना नुसत्या फाइली घेऊ नका. मघाशी सांगितलेली अक्षरांची गोष्ट इथे लागते. २००० च्या आसपास टंकलेलं मराठी लिखाण ज्या फॉन्टमध्ये आहे, तो फॉन्टही सोबत घ्या. नाहीतर नव्या संगणकावर फाइल उघडेल आणि कविता दिसणार नाही. दिसेल ती चिन्हांची खिचडी. जुनं लिखाण युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या सोयी आज आहेत, पण मूळ फॉन्ट कोणता हे माहीत असलं पाहिजे. किती घरांत आजोबांच्या आठवणी, गावाचा इतिहास, बहिणीच्या ओव्या अशा एखाद्या जुन्या खोक्यात पडून असतील! राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून कागद मिळवले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनं' खंडाखंडांनी छापली. तोपर्यंत कितीतरी वाड्यांतली दप्तरं वाळवीच्या आणि रद्दीवाल्यांच्या तोंडी गेली होती. आपल्या काळची दप्तरं या डिस्कमध्ये आहेत, आणि भंगारवाला ती किलोवर नेतो.

हा प्रश्न आज अधिक तातडीचा झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ साधारण २०१८ च्या आधीची बहुतेक यंत्रं स्वीकारत नाही. म्हणजे धडधाकट चालणारे असंख्य संगणक एका तारखेनं 'जुने' ठरले. त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत. २००३ नंतरच्या बहुतेक यंत्रांत फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसते. तिच्यात फिरणारं काहीच नाही, त्यामुळे येरझारा जवळजवळ संपतात आणि मिनिटांचं काम सेकंदांवर येतं. नव्या संगणकाच्या मानानं हा खर्च थोडा आहे. दुसरी वाट लिनक्सची. सी-डॅकनं २००७ मध्ये 'बॉस' ही भारतीय भाषांसाठीची लिनक्स आवृत्ती आणली. जुन्या यंत्रांना पेलतील अशा आणखी हलक्या आवृत्त्याही फुकट मिळतात. ज्या घरात एकच संगणक आहे आणि दोन मुलं शिकणारी आहेत, त्या घरासाठी यातली एक वाट म्हणजे एका वर्षाची फी वाचणं असतं.

यातलं काहीच शक्य नसेल आणि यंत्र टाकायचंच असेल, तर डिस्क काढून ठेवा आणि बाकीचा सांगाडा ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात द्या. आत शिसं असतं. आपल्याकडे २०१२ पासून त्यासाठी कायदेशीर नियम लागू आहेत.

तर आज संध्याकाळी एवढंच करा. वही घ्या, घड्याळ घ्या आणि आपल्या संगणकाचे तिन्ही भाग मोजा: बटणापासून चिन्हापर्यंत किती, चिन्हापासून चित्रांपर्यंत किती, चित्रांपासून काम सुरू होईपर्यंत किती. तीन आकडे लिहा, वर तारीख घाला. दुकानात जाताना तो कागद सोबत न्या आणि 'नवा घ्या' असं उत्तर आलं, तर यातला कुठला आकडा का वाढला, एवढं विचारा.